वृक्क कर्करोगाचे प्रथिनसूचक

वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) कर्करोगाचे अस्तित्व, प्रकार, वाढीचा वेग किंवा उपचाराला मिळणारा प्रतिसाद ज्यांच्या प्रमाणावरून ओळखता येईल अशा ऊतकांतील (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांतील), रक्तातील वा मूत्रातील प्रथिनांना या रोगाचे प्रथिनसूचक म्हणतात. प्रथिनसूचक हे जैवसूचकांचा एक वर्ग होत. रक्तातील शर्करेचे प्रमाण हे जसे मधुमेहाचे गमक मानले जाते, तसे एखादे खात्रीचे गमक या कर्करोगाला मिळावे, या हेतूने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रथिनांच्या सर्वंकष विश्लेषणाचा अवलंब करण्यात येऊ लागला. या प्रयत्नांतून शेकडो प्रथिने संभाव्य सूचक म्हणून पुढे आली. तथापि २०२४ पर्यंत त्यांपैकी एकाचीही रक्तपरीक्षा किंवा मूत्रपरीक्षा या कर्करोगाच्या नियमित निदानासाठी प्रचारात आलेली नव्हती. निरोगी व रोगी व्यक्तींत वेगळ्या प्रमाणात आढळणारे प्रथिन शोधणे आणि त्या प्रथिनाच्या आधारे एखाद्या माणसाच्या बाबतीत निर्णय घेणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. ते अंतर कशामुळे पडते, हा या विषयाचा गाभा होय.

रोगाचे स्वरूप : वृक्काच्या कर्करोगांपैकी सु. ९०% कर्करोग वृक्क-नलिकांच्या अस्तर-कोशिकांपासून उद्भवतात. त्यांत स्वच्छ-कोशिका कर्करोग हा प्रकार सर्वांत अधिक (सु. ७५%) आढळतो. त्याच्या कोशिकांत मेद व ग्लायकोजेन साठलेले असते. सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी ऊतकाचे छेद तयार करताना हे पदार्थ विरघळून जातात व कोशिका रिकाम्या, स्वच्छ दिसतात, म्हणून हे नाव पडले. अंकुरकी व वर्णरोधी हे इतर प्रमुख प्रकार होत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात वृक्क कर्करोगाचे सु. ४ लाख ३१ हजार नवे रुग्ण आढळले व सु. १ लाख ७९ हजार रुग्ण दगावले.

वृक्क उदरगुहेच्या मागील बाजूस, मेदाच्या आवरणात खोलवर असल्यामुळे त्यातील अर्बुद (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेली गाठ) बरेच मोठे होईपर्यंत कोणतेही लक्षण जाणवत नाही. मूत्रातून रक्त जाणे, कुशीत दुखणे आणि हाताला गाठ लागणे ही पाठ्यपुस्तकांतील तीन लक्षणे एकत्रितपणे दहातील एका रुग्णातही दिसत नाहीत, आणि दिसतात तेव्हा रोग बहुधा पुढच्या अवस्थेत गेलेला असतो. रोग वृक्कापुरताच मर्यादित असताना आढळल्यास पाच वर्षांहून अधिक काळ जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण अमेरिकेतील नोंदींनुसार ९०% हून अधिक आहे. फुप्फुस, हाडे इ. दूरच्या भागांत प्रसार झाल्यानंतर ते २०% च्याही खाली येते. लवकर सूचना देणाऱ्या परीक्षेची गरज यावरून स्पष्ट होते.

दुसरी अडचण याच्या उलट स्वरूपाची आहे. सोनोग्राफी व सीटी स्कॅन यांचा वापर वाढल्यापासून अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत वृक्कातील लहान गाठी अनपेक्षितपणे आढळू लागल्या. शस्त्रक्रियेने काढलेल्या, ४ सेंमी. पर्यंतच्या अशा गाठींपैकी सु. २०% गाठी सौम्य (कर्करोग नसलेल्या) ठरतात. सौम्य व मारक गाठींतील भेद प्रतिमेवरून नेहमीच करता येत नाही. जीवोतक परीक्षेसाठी (जिवंत शरीरातून काढलेल्या ऊतकाच्या तपासणीसाठी) गाठीत सुई घालावी लागते व काही वेळा तिचाही निष्कर्ष अनिश्चित राहतो. परिणामी काही रुग्णांना निष्कारण शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. म्हणजे सूचकाकडून दोन वेगवेगळ्या कामांची अपेक्षा आहे : लपलेला रोग हुडकणे आणि आढळलेल्या गाठीचे स्वरूप सांगणे.

प्रथिनांचे महत्त्व : कोशिकेतील जीन (आनुवंशिक लक्षणे निर्धारित करणारी एकके) ही केवळ सूचना होत. त्या सूचनांनुसार प्रत्यक्ष कार्य करणारे रेणू म्हणजे प्रथिने होत. मानवात प्रथिननिर्मितीच्या सूचना देणारी सु. २०,००० जीन आहेत. परंतु कोणत्या कोशिकेत, कोणत्या वेळी, कोणते प्रथिन किती प्रमाणात तयार होते व तयार झाल्यावर त्यात कोणते रासायनिक बदल होतात, हे केवळ जीनांवरून कळत नाही. एखाद्या कोशिकेतील, ऊतकातील वा द्रवातील सर्व प्रथिनांच्या समुच्चयाला प्रथिनसंच म्हणतात. प्रोटिओम ही त्याची मूळ संज्ञा ऑस्ट्रेलियन वैज्ञानिक मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये मांडली.

स्वच्छ-कोशिका कर्करोगात जीनातील दोष व प्रथिनांतील बदल यांचा संबंध विशेष स्पष्टपणे उलगडला आहे. तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील व्हीएचएल हे जीन १९९३ मध्ये ओळखण्यात आले. फोन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकारावरून त्याला हे नाव मिळाले. हा विकार असलेल्या कुटुंबांतच नव्हे, तर आनुवंशिकता नसलेल्या बहुसंख्य स्वच्छ-कोशिका कर्करोगांतही हे जीन निकामी झालेले असते. ऑक्सिजनाचा पुरवठा पुरेसा असताना न्यूनऑक्सिजन-प्रवर्तित घटक या प्रथिनाचा नाश घडवून आणणे, हे व्हीएचएल प्रथिनाचे कार्य होय. ते नसल्यास कोशिका ऑक्सिजन भरपूर असूनही गुदमरल्याप्रमाणे वागू लागते : नव्या रक्तवाहिन्या निर्माण करणारे घटक, ग्लुकोज आत घेणारी प्रथिने, कार्बॉनिक ॲनहायड्रेज-९ हे एंझाइम इ. प्रथिने ती मोठ्या प्रमाणात तयार करते. ऑक्सिजनाची जाणीव कोशिकांना कशी होते, याचा उलगडा केल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्बुदाच्या प्रथिनसंचावर रोगाची अशी ठळक मुद्रा उमटत असल्याने तिचा काही अंश रक्तात किंवा मूत्रात सापडेल, ही अपेक्षा वाजवी होती. [⟶ कर्करोग; प्रथिने].

विश्लेषणाच्या पद्धती : पॅट्रिक ओफॅरेल यांनी १९७५ मध्ये विकसित केलेल्या द्विमितीय विद्युत् संचारण पद्धतीत प्रथिने जेलच्या पातळ थरावर प्रथम विद्युत् भारानुसार व नंतर रेणूंच्या आकारमानानुसार अलग केली जातात. रंजकद्रव्य वापरल्यावर जेलवर शेकडो ठिपके दिसतात. निरोगी व रोगी ऊतकांच्या जेलांची तुलना करून कमीअधिक झालेले ठिपके निवडता येतात. मात्र ठिपक्यातील प्रथिन कोणते, हे ओळखणे दीर्घकाळ कष्टाचे होते.

द्रव्यमान वर्णपटमापकामुळे ही अडचण दूर झाली. या उपकरणात विद्युत् भारित रेणूंचे (आयनांचे) द्रव्यमान व भार यांचे गुणोत्तर मोजतात. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता वायुरूप आयनांत रूपांतरित करण्याच्या पद्धती १९८० नंतरच्या दशकात विकसित झाल्या. त्याबद्दल जॉन फेन (अमेरिका) व कोइची तानाका (जपान) यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला. प्रचलित पद्धतीत नमुन्यातील प्रथिनांचे ट्रिप्सीन या एंझाइमाने तुकडे करतात. हे एंझाइम प्रथिनशृंखला लायसीन व आर्जिनीन या ॲमिनो अम्लांच्या पुढे तोडते. त्यामुळे कोणत्या प्रथिनापासून कोणते तुकडे (पेप्टाइडे) मिळतील, हे जीनांच्या माहितीवरून आधीच सांगता येते. ही पेप्टाइडे द्रव वर्णलेखनाने अलग करून वर्णपटमापकात सोडतात, तेथे त्यांचे आणखी तुकडे करून द्रव्यमाने मोजतात व संगणकाच्या साहाय्याने ती अपेक्षित द्रव्यमानांशी ताडून पाहतात. अशा रीतीने एकाच नमुन्यातील हजारो प्रथिने ओळखता येतात. निवडलेले प्रथिन पुढे असंख्य नमुन्यांत मोजावयाचे असेल, तर त्याला नेमकेपणाने चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर आधारित, स्वस्त व जलद पद्धती वापरतात.

नमुन्यांची निवड : अर्बुदाच्या ऊतकात रोगाशी संबंधित प्रथिने सर्वाधिक असतात; परंतु ते शस्त्रक्रियेनंतर किंवा जीवोतक परीक्षेनेच मिळते. रक्त सहज मिळते, पण त्यात शोध घेणे कठीण असते. रक्तद्रवातील (रक्तातील कोशिका वगळता उरणाऱ्या द्रवातील) निम्म्याहून अधिक प्रथिन एकट्या अल्ब्युमिनाचे असते. सर्वाधिक व सर्वांत कमी असणाऱ्या प्रथिनांच्या प्रमाणांत १०,००० कोटींच्या पटीएवढी तफावत असू शकते. लहान अर्बुदातून झिरपणारे प्रथिन या गर्दीत शोधणे म्हणजे धान्याच्या कोठारातील एक दाणा ओळखण्यासारखे आहे.

मूत्र या दृष्टीने अधिक सोयीचे आहे. ते वृक्कातूनच येते, वारंवार व वेदनेशिवाय मिळते आणि त्यात प्रथिनांची गर्दी कमी असते. निरोगी प्रौढाच्या मूत्रातून दिवसाला १५० मिग्रॅ. हून कमी प्रथिन जाते. तरीही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात निरोगी मूत्रात १,५०० हून अधिक प्रथिने आढळली. मात्र मूत्राची संहती (ठराविक घनफळातील पदार्थांचे प्रमाण) प्यालेल्या पाण्यानुसार बदलते, त्यामुळे प्रथिनाचे प्रमाण क्रिएटिनिनाच्या प्रमाणाशी ताडून सांगावे लागते. मूत्रात रक्त उतरले असल्यास रक्तातील प्रथिने निष्कर्ष बिघडवितात. मधुमेह, रक्तदाबवृद्धी व मूत्रमार्गाचे संक्रामण यांतही मूत्रातील प्रथिने बदलतात, आणि वृक्क कर्करोगाच्या वयोगटात हे विकार सामान्य आहेत.

लीड्स येथील प्रयोग : या क्षेत्रातील अडचणी इंग्लंडमधील लीड्स येथील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून उत्तम प्रकारे समजतात. त्यांनी वृक्क कर्करोगाचे रुग्ण, मूत्रमार्गाचे सौम्य विकार असलेले रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या मूत्राचे थेंब विशिष्ट पृष्ठभागाच्या पट्ट्यांवर ठेवून लेसर किरणांच्या साहाय्याने प्रथिनांचे वर्णपट मिळविले. प्रथिने कोणती हे न ओळखता केवळ वर्णपटातील शिखरांच्या आकृतिबंधावरून रोग ओळखण्याचे काम संगणकीय प्रणालीला शिकविण्यात आले. ज्या नमुन्यांवर प्रणाली शिकली, त्यांच्या बाबतीत तिची संवेदनशीलता (रोग्यांना रोगी म्हणून ओळखण्याचे प्रमाण) व विशिष्टता (निरोगी व्यक्तींना निरोगी म्हणून ओळखण्याचे प्रमाण) ९८ ते १००% इतकी होती. तिला अपरिचित अशा छोट्या गटात हे प्रमाण ८२ ते ८३% भरले. दहा महिन्यांनंतर ८० नव्या नमुन्यांची परीक्षा केली, तेव्हा ते ४१ ते ७७% पर्यंत घसरले. लेसराची बदललेली कार्यक्षमता, पट्ट्यांतील फरक व साठविलेल्या नमुन्यांत होणारे बदल अशी कारणे संशोधकांनी विचारात घेतली.

पहिला आकडाच प्रसिद्ध झाला असता, तर वृक्क कर्करोगाची जवळजवळ निर्दोष परीक्षा सापडल्याचा समज झाला असता. दहा महिन्यांनी पुन्हा तपासून घसरलेले आकडेही प्रसिद्ध करणे, हे या अभ्यासाचे महत्त्व होय. नमुना घेण्याची वेळ, तो थंड करण्यास लागलेला विलंब, गोठवून पुन्हा वितळविण्याची आवर्तने, उपकरणाची स्थिती यांपैकी कोणतीही गोष्ट रोगी व निरोगी गटांत वेगळी असेल, तर सापडणारा फरक रोगाचा नसून हाताळणीचा असतो. शिवाय हजारो प्रथिने मोजून मोजक्या रुग्णांची तुलना केल्यास काही प्रथिने केवळ योगायोगानेच वेगळी दिसतात.

प्रमुख प्रथिनसूचक : (१) ॲक्वापोरीन-१ व पेरिलिपीन-२ : पहिले प्रथिन वृक्काच्या समीपस्थ नलिकांतील कोशिकांच्या पटलातून पाण्याचे वहन करते, तर दुसरे कोशिकेतील मेदाच्या थेंबांवर आवरण घालते. स्वच्छ-कोशिका कर्करोग अशाच नलिका-कोशिकांपासून उद्भवतो व मेदयुक्त असतो, त्यामुळे ही निवड जीवविज्ञानाच्या दृष्टीने सयुक्तिक होती. अमेरिकेतील सेंट लूइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांना २०१० मध्ये ही दोन्ही प्रथिने रुग्णांच्या मूत्रात वाढलेली व अर्बुद काढल्यावर कमी झालेली आढळली. २०१५ मध्ये त्यांनी उदराच्या सीटी स्कॅनसाठी आलेल्या ७२० व्यक्तींचे मूत्र तपासून रुग्ण व इतर यांत स्पष्ट भेद दिसल्याचे प्रसिद्ध केले. मात्र इटलीतील संशोधकांनी २०१३ मध्ये मूत्रातील सूक्ष्म पुटिकांचे (कोशिकांनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांचे) विश्लेषण केले, तेव्हा कर्करोगाच्या रुग्णांत ॲक्वापोरीन-१ कमी असल्याचे आढळले. एकच प्रथिन संपूर्ण मूत्रात वाढलेले व पुटिकांत घटलेले दिसते, यावरून नमुन्याचा कोणता भाग तपासला हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो, हे लक्षात येते.

(२) वृक्क-इजा रेणू-१ : हे प्रथिन निरोगी वृक्कात जवळजवळ नसते, समीपस्थ नलिकांना इजा झाल्यावर ते तयार होते व त्याचा बाहेरील भाग तुटून मूत्रात व रक्तात जातो. वृक्क कर्करोगाच्या ऊतकांत व मूत्रात ते वाढते, हे २००५ मध्ये दाखविण्यात आले. यूरोपातील मोठ्या लोकसमूहाच्या दीर्घकालीन पाहणीत साठविलेले रक्तद्रवाचे नमुने वापरून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुढे वृक्क कर्करोग झालेल्या १९० व्यक्ती व तितक्याच तुलनीय व्यक्ती यांची तुलना करण्यात आली. रोगाचे निदान होण्यापूर्वी पाच वर्षांपर्यंतच्या नमुन्यांतही हे प्रथिन वाढलेले आढळले. रोग झाल्यावर नव्हे, तर तो उघडकीस येण्यापूर्वी घेतलेले नमुने वापरल्यामुळे या निष्कर्षाला विशेष वजन आहे. तथापि रक्तपुरवठ्यातील खंड, काही औषधांची विषाक्तता व मधुमेहजन्य वृक्कविकार यांतही हे प्रथिन वाढते.

(३) कार्बॉनिक ॲनहायड्रेज-९ : नेदर्लंड्समधील संशोधकांनी १९८६ मध्ये जी२५० हा प्रतिपिंड वर्णिला. तो वृक्क कर्करोगाच्या कोशिकांना चिकटतो, पण निरोगी वृक्काला चिकटत नाही. तो ज्या प्रथिनाला चिकटतो ते हे एंझाइम असल्याचे नंतर स्पष्ट झाले. बहुतेक सर्व स्वच्छ-कोशिका कर्करोगांच्या पृष्ठभागावर ते असल्यामुळे विकृतिवैज्ञानिक प्रकार ओळखण्यासाठी त्याचा उपयोग करतात. याच प्रतिपिंडाला किरणोत्सर्गी झिर्कोनियम जोडून शरीरात सोडल्यास अर्बुद प्रतिमेत उजळ दिसते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वच्छ-कोशिका कर्करोग ओळखण्याच्या बाबतीत या पद्धतीची संवेदनशीलता सु. ८६% व विशिष्टता ८७% आढळली. प्रथिन रक्तात शोधण्याऐवजी ते जेथे आहे तेथेच दाखविण्याची ही युक्ती होय.

ऊतकांचा सर्वंकष अभ्यास : अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पुरस्कृत केलेल्या संघाने २०१९ मध्ये स्वच्छ-कोशिका कर्करोगाच्या १०३ रुग्णांच्या, कोणताही उपचार होण्यापूर्वी काढलेल्या अर्बुदांतील जीन व प्रथिने यांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध केले. कोशिकेतील ऑक्सिजनाधारित ऊर्जानिर्मितीची यंत्रणा अर्बुदात मंदावलेली असते, हे प्रथिनांच्या पातळीवर ठळकपणे दिसून आले. जीनांच्या संदेशांवरून बांधलेला अंदाज मात्र प्रथिनांच्या प्रत्यक्ष प्रमाणाशी अनेक ठिकाणी जुळला नाही. प्रथिने स्वतंत्रपणे मोजण्याची आवश्यकता यावरून सिद्ध होते.

सूचकाचे मूल्यमापन : सूचक किती चांगला, हे तो कोणासाठी वापरावयाचा यावर अवलंबून असते. समजा, एका परीक्षेची संवेदनशीलता ९०% व विशिष्टता ९५% आहे आणि तपासलेल्या १०,००० प्रौढांपैकी २० जणांना लक्षणरहित वृक्क कर्करोग आहे. या परीक्षेत २० पैकी १८ रुग्ण सापडतील. परंतु उरलेल्या ९,९८० निरोगी व्यक्तींपैकी ४९९ जणांनाही रोगी ठरविले जाईल. म्हणजे रोगी ठरलेल्या ५१७ व्यक्तींपैकी सु. ३.५% व्यक्तींनाच प्रत्यक्षात रोग असेल. उरलेल्यांच्या वाट्याला चिंता, सीटी स्कॅन व क्वचित अनावश्यक शस्त्रक्रिया येईल. विशिष्टता ९९% पर्यंत वाढविली, तरी खोट्या सूचनांची संख्या सु. १०० राहते.

हीच परीक्षा वृक्कात लहान गाठ आढळलेल्या १०० रुग्णांवर केली, तर चित्र बदलते. त्यांपैकी ८० गाठी मारक व २० सौम्य आहेत असे धरल्यास, मारक ठरविलेल्या ७३ गाठींपैकी ७२ खरोखरच मारक असतील. मात्र सौम्य ठरविलेल्या २७ गाठींतही ८ मारक गाठी असतील. शस्त्रक्रिया टाळण्याचा निर्णय याच गटाबाबत घ्यावयाचा असल्याने ही चूक परवडणारी नाही. यासाठी येथे संवेदनशीलता अतिशय उच्च, तर लोकसमूहाच्या चाळणी परीक्षेत विशिष्टता अतिशय उच्च असावी लागते. एकच सूचक दोन्ही कामांसाठी योग्य ठरेल असे नाही.

सूचकांची पारख टप्प्याटप्प्याने करावी, असे २००१ मध्ये सुचविण्यात आले. त्यानुसार ऊतकांतील शोध, निश्चित रोगी व निरोगी यांतील भेद, निदानापूर्वी साठविलेल्या नमुन्यांची परीक्षा, लोकसमूहातील प्रत्यक्ष चाचणी आणि शेवटी मृत्युप्रमाण खरोखर घटते का याची पाहणी, असे पाच टप्पे मानतात. वृक्क कर्करोगाचे बहुतेक प्रथिनसूचक दुसऱ्या टप्प्यापर्यंतच पोहोचलेले आहेत. वृक्क-इजा रेणू-१ सारखे मोजकेच तिसऱ्या टप्प्यात आले आहेत.

उपयोगाची क्षेत्रे : सर्वसामान्य लोकसमूहापेक्षा ज्यांच्यात रोगाचा संभव अधिक आहे अशा गटांत, उदा., व्हीएचएल विकार असलेली कुटुंबे व दीर्घकाळ अपोहनावर (यंत्राद्वारे रक्तशुद्धीवर) असलेले रुग्ण, सूचकांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक आहे. शस्त्रक्रियेनंतर रोग परतण्याची सूचना मिळविणे हे दुसरे क्षेत्र होय. शस्त्रक्रियेनंतर वृक्क-इजा रेणू-१ चे प्रमाण उच्च असलेल्या रुग्णांत रोग परतण्याचा संभव अधिक असल्याचे औषधचाचण्यांत साठविलेल्या नमुन्यांवरून दिसून आले आहे. येथे रुग्णाच्या आजच्या पातळीची तुलना त्याच्याच पूर्वीच्या पातळीशी करता येते, ही मोठी सोय आहे.

एकेका प्रथिनाऐवजी अनेक प्रथिनांचा गट वापरणे, नमुने घेण्याच्या व साठविण्याच्या समान पद्धती ठरविणे आणि एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीने स्वतंत्रपणे पडताळणे, या दिशांनी हे संशोधन चालू आहे. जीवोतक परीक्षा व प्रतिमादर्शन यांची जागा प्रथिनपरीक्षेने घ्यावी, अशी अपेक्षा करण्यापेक्षा त्यांचा वापर नेमका कोणावर करावा हे तिने सुचवावे, ही अपेक्षा अधिक वास्तव मानली जाते.